बोलावलेल्याशी बोलायचं कसं

लांडग्याला ‘अरे’ म्हणावं की ‘अहो’, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला नसेल. मला पडलेला. डोंबिवलीत, रविवारी दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना. लांडगा माझ्या पुढ्यात उभा होता. मीच त्याला बोलावलं होतं, त्यामुळे बोलायला सुरुवात करणं माझ्याकडे लागत होतं. पण त्याचं वय माहीत नाही, हुद्दा माहीत नाही. अनोळखी माणसाला आपण पहिल्या भेटीत ‘अहो’च म्हणतो. लांडग्याला ‘अहो’ म्हटलं तर चटईवरचे बाकीचे तिघे मला आयुष्यभर सोडणार नाहीत. आणि ‘अरे’ म्हटलं आणि त्याला लागलं, तर तो मला आत्ताच सोडणार नाही.

मी मधला मार्ग काढला. म्हटलं, “इधर आओ.”

आमच्या बिल्डिंगमध्ये ज्याचं काय करायचं ते कळत नाही त्याच्याशी हिंदीत बोलायची पद्धत होती.

“तो नुसता बघतोय तुझ्याकडे,” समोरचा मुलगा म्हणाला. “त्याला हिंदी येत नाही.”

“मग काय येतं?”

“ते तू शोधायचं.”

लांडगा अर्थातच नव्हता. चटई होती, स्टीलचा एक डबा होता, आणि शिवणाच्या मशीनला टेकून बसलेली माझी मैत्रीण होती. बाकी सगळं त्या मुलाच्या तोंडात.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालेलं. मी ठाण्याला कॉलेजात जात होते आणि एकांकिका स्पर्धांमधून मिळेल त्या भूमिकेत ओरडत होते. हा मुलगा आमच्याच बिल्डिंगमधला, इंजिनिअरिंगचा. त्याच्या मावसभावाने परदेशातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलेलं. परत करायच्या बोलीवर ते मागून याने त्याची झेरॉक्स काढली. मशीनची शाई बहुधा संपत आलेली, कारण निम्म्यानंतर पानं फिकट होत होत शेवटी धुक्यात गेलेली. त्या पुस्तकात एक खेळ होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने जग सांगायचं: समोर दरी आहे, पूल मोडका आहे, पलीकडे कोणीतरी खोकतंय. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र काय करतं, काय बोलतं ते सांगायचं. नाटकच, फक्त संहिता नाही आणि प्रेक्षक नाहीत. म्हणून जग सांगणाऱ्याला मी सूत्रधार म्हणायला लागले आणि ते नाव त्याला चिकटलं.

एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका असली की नशीब काढायचं. पुस्तकात वीस बाजूंचे फासे होते. असले फासे डोंबिवलीत कोण विकणार? मग सोसायटीच्या गणपतीतला हाऊजीचा संच उपयोगी पडला. एक ते वीस आकड्यांच्या चकत्या डब्यात टाकायच्या, खुळखुळवायच्या, न बघता एक काढायची. मोठा आकडा म्हणजे जमलं. छोटा म्हणजे बोंब.

बोंब मात्र मनातल्या मनात. कारण आतल्या खोलीत सूत्रधाराचे वडील रविवारचं जेवून झोपलेले असायचे. आमच्या जगातल्या सगळ्या लढाया कुजबुजत झाल्या. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो असं परीक्षकांनी जाहीरपणे सांगितलेलं. ती मी ‘हे अग्निपुत्रा, प्रकट हो!’ हे घशाचा वापर न करता म्हणत होते. स्वयंपाकघरातून काकू, म्हणजे सूत्रधाराची आई, डोकावायच्या. “हळू गं! हे उठले ना, तर तुझ्या त्या अग्निपुत्रालाच चहा टाकायला लावीन.”

आम्ही खेळणारे तिघं. मी मांत्रिक होते. दुसऱ्या कोणाला ते पात्र मिळू नये म्हणून पहिल्याच दिवशी हात वर करून बसलेले. दुसरा कल्याणजवळच्या मोहन्याहून यायचा. तो ठाण्याला लॉ शिकत होता, म्हणून त्याला आम्ही वकील म्हणायचो. त्याने चोराचं पात्र घेतलेलं. “दोन्ही बाजू माहीत हव्यात,” म्हणाला. आणि तिसरी माझी कॉलेजची मैत्रीण, कोपरीच्या कोळीवाड्यातली. कॉलेजात ती आमच्यासारखंच बोलायची, पण खेळात रंगली की तिच्या घरची बोली वर यायची. तिचं पात्र होतं तांडेलीण. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. तो नेहमी पुरुष. तिच्या घरात वडील तांडेल, काका तांडेल, भाऊ व्हायच्या वाटेवर. “मी होडीत पाय टाकला तर आजी वरडते,” ती पहिल्या दिवशी म्हणाली. “इथं मना कोन अडवतंय? तांडेलीण!” आणि डब्यातून तिने पहिलीच चकती वीसची काढली.

तर प्राणी बोलावणं. मांत्रिकाला ती विद्या होती. नियम एका वाक्याचा: बोलावलेला प्राणी सांगितलेलं काम करतो, मात्र ते त्याला समजलं पाहिजे. पहिला अर्धा भाग मला फार आवडला. दुसऱ्या अर्ध्यात आमचं वर्ष गेलं. कुठल्या प्राण्याशी कसं बोलायचं ते पुढच्या पानांवर असणार, आणि पुढची पानं धुक्यात. सूत्रधाराने तोडगा काढला.

“प्रत्येक प्राण्याला काय समजतं ते मी आधी मनाशी ठरवणार. एकदा ठरवलं की बदलणार नाही. तुम्ही शोधा.”

“आणि तू ऐन वेळी बदललंस तर?” वकील म्हणाला. “पुरावा काय?”

“मी.”

“हा पुरावा होत नाही.”

“मग तू जग सांग.”

वकिलाने तक्रार मागे घेतली. आणि खरं सांगायचं तर सूत्रधार शब्दाला पक्का होता. माझा मांत्रिक दोनदा मरता मरता वाचला, तेव्हा मी डोळ्यांत पाणी आणून दाखवलं. एकदा तर खरंच आणलं. पठ्ठ्याने एका चकतीची सवलत दिली नाही.

त्या लांडग्याला शेवटी तांडेलिणीने वश केलं. तिने जिभेने चुक् चुक् केलं, नसलेल्या टोपलीत हात घातला, नसलेलं बोंबलाचं डोकं काढलं आणि लांडग्याकडे न बघता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “खायाचा तर खा, नायतर मांजर हायच.” लांडगा येऊन बसला. सूत्रधाराने ठरवलेलं होतं म्हणे, की त्याला शब्द समजत नाहीत, गरज नसल्याचा आव समजतो. मासळीबाजारात लहानपण गेलेल्या मुलीला हे कुठल्या शाळेत शिकावं लागणार होतं?

त्यानंतर मला नादच लागला. एरवीही मी कान देऊन ऐकायला लागले, की माणसं माणसांखेरीज इतरांशी बोलतात कशी. तळमजल्यावरचा पांढरा कुत्रा इंग्रजीत वाढत होता. त्याला ‘सिट’ कळायचं, ‘बस’ म्हटलं की तो अपमान झाल्यासारखा बघायचा. मांजरीशी मात्र सगळे मराठीत, आणि तेही तक्रारीच्या सुरात. मारुतीला ‘तू’, शनीला कोणी ‘तू’ म्हणत नाही, शनीचं नावच शक्यतो घेत नाही. माझे वडील आमच्या बंद पडणाऱ्या मिक्सरला ‘चल बाबा’ म्हणायचे. मी हे सगळं गोळा करायचे आणि रविवारी वापरायचे.

फजिती व्हायचीच. एकदा दगडाचा माणूस बोलावला, बंद दरवाजा तोडायला. त्याला मराठी येत होतं! मी इतकी खूश झाले की घरच्यासारखंच बोलायला लागले. म्हटलं, “दरवाजा लागलेला दिसतोय.”

“होय,” दगडी माणूस म्हणाला.

“आत आमची माणसं आहेत.”

“असतील.”

“कोणीतरी उघडला असता तर बरं झालं असतं.”

“खरंच बरं झालं असतं,” दगडी माणूस म्हणाला, आणि त्याची वेळ संपली म्हणून मातीत मिळाला.

आमच्या घरात कोणी कोणाला थेट काम सांगत नाही. आई ‘दूध वर येतंय वाटतं’ म्हणते आणि आपण उठून गॅस बंद करायचा असतो. दगडाला ही रीत माहीत नव्हती. तांडेलीण हसून हसून मशीनच्या पायावर डोकं आपटून घेत होती. “अगो, ‘तोड’ म्हन की त्याला! ‘तोड’ म्हनायला काय जातंय तुजं?”

वकिलाची आणखी तऱ्हा. मी गरुड बोलावला आणि त्याच्याशी बोलायचं काम हौसेने वकिलाने अंगावर घेतलं. “सदर गरुडाने,” त्याने सुरुवात केली, “सूर्यास्तापूर्वी सदर कड्यावरून उड्डाण करून उपरोक्त दोरी...” ‘उपरोक्त’ला गरुड उडाला, तो गेलाच.

असं चालू होतं, आणि एका रविवारी तांडेलिणीने पिशवीतून पेढे काढले. लग्न ठरलं होतं. अलिबागच्या पलीकडचं गाव, मुलाची स्वतःची होडी, बघायला आलेले तेव्हा त्याने हिला ‘पोहता येतं का’ एवढंच विचारलेलं आणि हिने ‘तुमाला येतं का’ विचारलेलं. ती खुशीत होती. तिच्या खुशीत कुठेही खोट नव्हती, हे मला नीट सांगायला हवं, कारण अशा गोष्टीत लोक लगेच रडवेल्या नवरीची वाट बघतात. पण रविवार संपणार होते. अलिबागच्या पलीकडून डोंबिवलीला चटईवर बसायला कोण येतं?

पेढा खाऊन झाल्यावर ती सूत्रधाराला म्हणाली, “एक आयक. माजी तांडेलीण मरता कामा नये.”

“म्हणजे?”

“मी तिकडं भाकऱ्या भाजत असीन, मासे सुकवत असीन, तवा ही इकडं कुठंतरी होडी घेऊन हिंडत असली पायजे. मना एवढंच पायजे.”

सूत्रधार डब्याशी चाळा करत राहिला. “मी वाचवणार नाही,” तो म्हणाला. “वाचली तर वाचली.”

“फुकट वाचव असं कोन बोलतंय? फुकट वाचवलीस तर मना लगेच कळंल. मंग ती मेल्यासारखीच.”

“पेढे खाऊन असं बोलतात का रे?” मी त्याला नंतर जिन्यात सुनावलं. तो म्हणाला, “तिला पटलंय. तुला काय त्रास आहे?” मला त्रास हा होता की तिला सुखरूप बाहेर काढायची जबाबदारी आता मांत्रिकावर येणार, हे मला दिसत होतं.

तिचा शेवटचा रविवार आला. त्या दिवशी काकूंनी साबुदाण्याची खिचडी केलेली, आणि तिच्या हातावर जादा दाणे टाकून म्हणाल्या, “खा गं. सासरी उपास कडक असले तर?” ती शिवणाच्या मशीनला टेकून बसली, नेहमीच्या जागी. आतून काकांचं घोरणं सुरू झालं आणि आम्ही खेळाला लागलो.

जग असं होतं. एक काळं तळं. तळाशी एक बुडालेलं देऊळ, त्यात अडकलेली आमच्या होडीची साखळी. तांडेलिणीने विचार न करता सूर मारला. साखळी सुटली, पण देवळाचं दगडी दार मागे मिटलं. दार उघडायला तिने डब्यात हात घातला. तीन आला. परत घातला. पाच. वकिलाचा चोर काठावरून दोर सोडत होता, त्याचा दोन.

“हवा थोडीच आहे,” सूत्रधार म्हणाला. “आणि आता तू पाण्याखाली आहेस. बोलायचं नाही.”

“अरे पन...”

“बुडबुडे.”

तिने गाल फुगवून तोंड मिटलं. वर्षभर जिचं तोंड मिटलं नव्हतं ती मुलगी डोळे मोठे करून आमच्याकडे बघत बसली, आणि खरोखरच श्वास धरलाय की काय असं वाटावं इतकी लाल झाली.

माझ्याकडे एकच बोलावणं उरलेलं. मी हात पसरले आणि कुजबुजत, पण अंगात आल्यासारखी, हाक दिली: या तळ्यात जो कोणी सगळ्यात जुना असेल, त्याने यावं.

सूत्रधाराने डोळे मिटले. उघडले. “पाणी हलतं. तो येतो. काळा, ओला, पाठीवर शेवाळ. काठावरच्या दगडावर बसतो. दार त्याला सहज उघडता येईल, इतका मोठा आहे.”

“दार उघड!” मी म्हटलं. दगडी माणसाकडून मी धडा घेतला होता.

“तो बघतो.”

हिंदी झालं. इंग्रजी झालं. ‘अहो’ झालं, ‘आपण’ झालं. चुक् चुक् झालं, नसलेलं बोंबलाचं डोकं झालं. त्याकडे त्याने पाहिलंही नाही. वकिलाने एकदाही ‘सदर’ न वापरता विनंती केली, यावरून त्याला किती काळजी लागली होती ते कळावं. प्राणी ढिम्म.

“तो एक पाऊल पुढे येतो,” सूत्रधार म्हणाला. “मान वाकडी करतो. एका डोळ्याने बघतो. मग मागे सरतो.”

“मग?”

“परत पुढे येतो. मान वाकडी करतो. मागे सरतो.”

हे मी पाहिलेलं होतं. अगदी हेच. कल्याणच्या खाडीकाठी, घाटावर, आजोबांच्या दहाव्याला.

ज्यांनी ते पाहिलंय त्यांना सांगायला नको. भाताचा पिंड मांडलेला असतो आणि सगळं घर लांब उभं राहून कावळ्याची वाट बघतं. कावळा येतो. शिवला की गेलेला माणूस सुखाने गेला. पण तो पुढे येतो, मान वाकडी करतो, मागे सरतो. म्हणजे काहीतरी इच्छा राहिली. कुठली, ते तो सांगत नाही. ते आपण ओळखायचं आणि वचन द्यायचं. आमच्याकडे मोठ्या काकांनी हात जोडून सुरुवात केलेली, “आईला आम्ही नीट सांभाळू.” कावळा मागे. “भावाभावांत भांडण होऊ देणार नाही.” कावळा आणखी मागे, बहुधा भावांना ओळखत असावा. आत्या रडली, वडिलांनी घराचं सांगितलं, शेताचं सांगितलं. ऊन चढलं. शेवटी वडील कंटाळून म्हणाले, “तुमचा अडकित्ता मोडीत घालणार नाही.” आणि कावळा आला, शिवला, घास घेऊन गेला. तो अडकित्ता अजून माझ्याकडे आहे. घरात सुपारी कोणी खात नाही.

तेव्हा मी लहान होते आणि मला एकच कुतूहल होतं, की एवढे मोठे लोक एका पक्ष्याशी इतकं मनापासून कसे बोलतात. आता दिसलं की वर्षभर आम्ही उलटं करत होतो. बोलावलेल्याला आपलं म्हणणं कसं समजेल, एवढंच बघत होतो. त्याचं काय म्हणणं आहे हे एकालाही विचारलं नव्हतं.

मी हात खाली घेतले आणि जोडले. “तुझी काय इच्छा राहिली असेल,” मी म्हटलं, “ती आम्ही पूर्ण करू.”

वकिलाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत आधी भीती आली, मग तीच जागा आनंदाने घेतली. त्यानेही हात जोडले. “तुझं तळं कोणी बुजवणार नाही. त्यावर बिल्डिंग होऊ देणार नाही.”

“तो मागे सरतो,” सूत्रधार म्हणाला. “कल्याणकडचा आहेस हे त्याला कळलंय.”

“देवळात दिवा लावू,” मी म्हटलं.

“मागे.”

“तुला परत असं मधेच उठवणार नाही.”

मान वाकडी. पाऊल पुढे. मागे.

“तुझी मुलंबाळं असतील त्यांचं...”

“अगं बाई!” दारात काकू उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे. आमचे जोडलेले हात, वाकड्या मानेचा त्यांचा मुलगा, आणि मध्ये श्वास रोखून बसलेली नवरी त्यांनी एका नजरेत पाहिली. कुठला विधी चाललाय ते त्यांना विचारावं लागलं नाही. “कावळा शिववताय? लग्न तोंडावर आलेल्या पोरीसमोर दहावं मांडलंत? हळदीच्या अंगाला घाटावर नेऊन बसवलंत होय रे मेल्यांनो!”

आणि तांडेलीण फुटली. गालातली सगळी हवा एकदम बाहेर. ती इतकी हसली की काकूंनी ट्रे खाली ठेवून तिच्या पाठीवर थापट्या मारल्या, आणि आत घोरणं थांबलं.

आम्ही सगळे गोठलो. घोरणं परत सुरू झालं.

सूत्रधार म्हणाला, “हवा गेली.”

“अरे, ती हसली! काकूंमुळे हसली!” मी म्हटलं.

“पाण्याखाली हसली. हवा गेली. आता एकदाच बोलता येईल तुम्हाला. एकच वाक्य. नाहीतर संपलं.”

त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. तेच तर वाईट होतं. मी मैत्रिणीकडे पाहिलं. तिचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं, पण तिने मान हलवली: बरोबर बोलतोय तो. फुकट नको. काकूही हलल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, चहा गार होऊ देत, त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मघाशी दहावं म्हणून ओरडलेल्या बाईला आता ते सुटेल की नाही याची काळजी लागली होती.

काय राहिलं असेल त्याचं? मी तळ्याकडे बघणं सोडून दिलं. तळं नव्हतंच. मी वाकड्या मानेकडे पाहिलं. सूत्रधार माझ्याकडे बघत नव्हता, तिच्याकडेही नाही. तो शिवणाच्या मशीनकडे बघत होता, जिथे वर्षभर पाठ टेकून टेकून लाकडाचा रंग जरा उजळलेला.

मी म्हटलं, “तिची जागा आम्ही कोणाला देणार नाही, ती गेल्यावरही तिची तांडेलीण दुसरं कोणी खेळणार नाही, आणि ती कुठं हिंडतेय त्याची आम्ही चौकशी करत राहू.”

वाक्य एकच होतं. स्वल्पविराम घातले, पण नियमात स्वल्पविरामांबद्दल काही नव्हतं.

खोलीत पंख्याचा आवाज. कुठूनतरी एमआयडीसीचा तो ओळखीचा, डोळ्यांत येणारा वास.

सूत्रधाराची मान सरळ झाली.

“शिवला,” तो म्हणाला.

हा शब्द आमच्यापैकी कोणी उच्चारला नव्हता. काकूंचं वाक्य सोडलं तर कावळ्याचं नावही निघालं नव्हतं.

“तो पाण्यात शिरतो. दार उघडतो. तिला पाठीवर घेऊन वर येतो.”

“चकती?” तांडेलिणीचा पहिला शब्द. “चकती न काढता? फुकट तर नाय ना?”

वकिलाने घसा खाकरला. वर्षभर तो या क्षणाची वाट बघत होता. “बोलावलेला प्राणी सांगितलेलं काम करतो, मात्र ते त्याला समजलं पाहिजे. समजलं की करतो. नशीब काढायची तरतूदच नाही.”

“पन त्याला कुठं समजलं?” ती म्हणाली. “हिनं तर त्याचं ओळखलं.”

सूत्रधाराने डबा बंद केला. काकू म्हणाल्या, “समजलं ते समजलं. चहा घ्या.” आणि त्या दिवशी पहिल्यांदा, गार चहाचा घोट घेता घेता, तांडेलिणीचे डोळे भरले. काकूंनी तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या, दहाव्याचा दोष जायला, आणि मग विचार करून आम्हा तिघांवरूनही.

जिन्यात मी सूत्रधाराला गाठलं. “त्याला काय हवं होतं ते तू आधी ठरवलेलंस?”

“नेहमीच ठरवतो.”

“कधी?”

“पेढ्यांच्या दिवशी,” तो म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेला.

लग्नाला आम्ही तिघं गेलेलो. हळदीच्या रात्री गाऊन गाऊन तिचा आवाज बसलेला, पण त्या बसलेल्या आवाजात तिने आमची ओळख नवऱ्याला करून दिली: “हे माज्या होडीवरचे.” त्याने खरं समजून होडी कुठली विचारली. चटईवरचे रविवार पुढे काही महिने चालले. मशीनपुढची जागा रिकामी असायची. वकिलाने एकदा सहज तिथे आपली पिशवी ठेवली तर सूत्रधाराने मान वाकडी करून एका डोळ्याने पाहिलं. पिशवी मुकाट्याने उचलली गेली. मग नोकऱ्या लागल्या, शहरं बदलली. डबा कुठे गेला ते काकूंनाही आठवत नाही.

राहिलं माझं वचन. चौकशी करत राहू म्हटलेलं, ते सगळ्यांच्या वतीने. पण बोलकी मी, म्हणून ते माझ्याच गळ्यात आलं. तिचा फोन येतो. आधी गावातल्या एका घरी जाऊन करायची, आता तिचा स्वतःचा आहे. माझी तब्येत, माझी मुलं, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न तोच.

“माजी बाई कशी हाय गो?”

आणि मला सांगावं लागतं. आधीपासून काही ठरवलेलं नसतं, पण सूत्रधाराची शिस्त मी पाळते: एकदा सांगितलं की बदलत नाही. तांडेलिणीने दोन समुद्र पाहिले. एक डोलकाठी वादळात गमावली, नवी बसवली. तिच्या होडीवर आता पाच बायका आहेत, आणि एक दगडी माणूस, ज्याला सगळे स्पष्ट शब्दांत कामं सांगतात. ती अधूनमधून त्या काळ्या तळ्यावर जाते.

परवा फोनवर ती म्हणाली, “आनी तो? अजून हाय तिकडं?”

“आहे की. ती गेली की वर येतो. काठावर बसतो.”

“काय बोलतो?”

“काही नाही गं. पुढे येतो, मान वाकडी करतो, मागे सरतो.”

तिच्या मागे कोणीतरी होडी ओढताना देतात तसा एकसुरात आवाज देत होतं.

“मंग त्याला अजून कायतरी पायजे असंल,” ती म्हणाली. “इचार की त्याला.”